प्राप्तीवरील कर आणि घराण्यांचीं दप्तरें

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आपल्याकडील मंडळींची एक ठरीव चाल आहे. एखादें दप्तर हातीं आलें कीं सनदा, महजर, निवाडपत्रें, यादी व कैफियती वेगळ्या काढावयाच्या, त्यांचीं टांचणें करावयाचीं, आणि इंग्रजी अमलांतील वाटणीपत्रें, गहाणखतें, खतावण्या, विम्याचीं पत्रें व इन्कमटॅक्सच्या पावत्या रद्दींत घालावयाच्या. कोणी हे कागद ठेविलेच तर दुसरी चूक होते. त्यांतील प्रत्येक शब्द जसाच्या तसा खरा धरला जातो. वाटणीपत्र सांपडलें कीं घर फुटलें, कबजेगहाण सांपडलें कीं सावकारास जमिनीची हांव सुटली, वहींत प्राप्ति कमी दिसली कीं पेढी बसली, असा निकाल कुलवृत्तान्तांत लिहून टाकण्यांत येतो.

प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच आहे कीं, १८६० नंतरचा असा कोणताहि कागद वाचतांना त्या त्या सालीं प्राप्तीवरील कराचा कायदा काय होता, तें शेजारीं मांडून घ्यावें. त्या सालापासून कागद लिहिणाराच्या डोळ्यांपुढें एक नवा वाचक उभा राहिला. हा वाचक म्हणजे कर बसविणारा अंमलदार. त्याच्या दृष्टीस काय पडावें याचा आगाऊ विचार करून पुष्कळ कागद लिहिले गेले. त्यांत लबाडी असेच असें नाहीं. बहुतेक वेळां कायद्यानें मोकळ्या ठेविलेल्या वाटेनेंच लोक गेले. परंतु ती वाट कोणती होती हें न कळतां त्या कागदांवरून घराण्याचा इतिहास रचणें धोक्याचें आहे.

१. पूर्वपीठिका

पेशवाईंत पट्ट्या कांहीं थोड्या नव्हत्या. उदमी व कारागीर यांजवर मोहतर्फा, मिरासदारांवर मिरासपट्टी, इनामदारांवर प्रसंगीं इनामतिजाई, अशीं नांवें आमच्या वाचकांच्या परिचयाचीं आहेत. परंतु हे कर डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूवर होते. दुकान, माग, घाणा, जमीन, वतन यांवर ते बसत. एका माणसाच्या साऱ्या प्राप्तीची बेरीज घेऊन तीवर कर बसविण्याची ही रीति नव्हे. म्हणून कर कमी करून घेण्याची रीतिहि निराळी होती. ज्याला सूट पाहिजे तो सरकारांत अर्ज करी, आपली नादारी किंवा पूर्वजांची चाकरी पुढें मांडी, आणि मान्य झाल्यास माफीचें पत्र मिळवी. सूट ही देणाराची मेहेरबानी असे आणि तिचा पुरावा सरकारी शिक्क्याचा असे.

मुंबई इलाख्यांत १८४४ च्या १९ व्या अ‍ॅक्टानें धंद्यांवरील हे जुने कर उठले. म्हणजे इकडील व्यापाऱ्यांवर १८६० सालीं जो कर आला, तो सोळा वर्षांच्या मोकळिकीनंतर आला. आणि तो आला तो अगदीं नव्या जातीचा. आतां सूट मागावयाची ती अर्ज करून नव्हे, तर आपल्या व्यवहाराची मांडणी कायद्याच्या कलमांत बसवून. माफीच्या सनदेची जागा घरांतच लिहिलेल्या कागदानें घेतली. आमच्या मतें दप्तरांच्या इतिहासांत हा पालट मोठा आहे. पण त्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं.

२. कराचा आरंभ व खंड

१८५७ च्या युद्धानें हिंदुस्थान सरकारची तिजोरी खालीं बसली, ती सावरण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन यास पहिला अर्थमंत्री म्हणून पाठविण्यांत आलें. ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक तो हाच. नोव्हेंबर १८५९ मध्यें तो कलकत्त्यास उतरला आणि १८ फेब्रुवारी १८६० रोजीं त्यानें आपलें अंदाजपत्रक मांडलें. नव्या कराच्या समर्थनार्थ त्यानें मनूच्या वचनांचाहि आधार घेतला. मद्रासचा गव्हर्नर सर चार्लस ट्रेव्हेलिअन यानें या कराला उघड विरोध केला, त्यामुळें त्यास परत बोलाविण्यांत आलें. १८६० चा ३२ वा अ‍ॅक्ट जुलै महिन्यांत पास झाला, आणि विल्सन पुढच्याच महिन्यांत, ११ ऑगस्ट रोजीं, कलकत्त्यास मरण पावला.

या कायद्यानें प्राप्तीचे चार वर्ग केले: जमीनजुमला, धंदा व व्यापार, सरकारी रोखे, आणि पगार व पेन्शन. २०० ते ५०० रुपये प्राप्तीवर शेंकडा दोन व त्यावर शेंकडा चार असा दर होता. १८६२ सालीं ५०० च्या आंतील लोक सुटले आणि १८६५ त कर बंद पडला. पुढें १८६७ सालीं परवान्याचा कर, १८६८ सालीं दाखल्याचा कर, १८६९ ते १८७३ पुन्हां प्राप्तीवरील कर, आणि १८७६–७८ च्या दुष्काळानंतर १८७८ सालीं पुन्हां परवान्याचा कर, असा क्रम आहे. या शेवटच्या करावरून सुरतेस दंगा झाला. १८६९ नंतरच्या चार वर्षांतहि करपात्र प्राप्तीची मर्यादा एक राहिली नाहीं; १८७१ त ती ७५० आणि १८७२ त १,००० रुपये झाली. यावरून संग्राहकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, १८६६ सालच्या वहींत या कराचा खर्च सांपडला तर मिति पुन्हां तपासावी, आणि १८७४ च्या वहींत तो न सांपडला तर त्यावरून त्या घराच्या दैन्याचा कांहींच पुरावा होत नाहीं.

कर कायमचा झाला तो १८८६ च्या दुसऱ्या अ‍ॅक्टानें.

३. पायऱ्या आणि त्यांच्या कांठावरील लोक

१८८६ च्या कायद्यांत ५०० रुपयांच्या आंतील प्राप्ति माफ होती. व्यापार व इतर साधनें यांच्या प्राप्तीवर २,००० पर्यंत ठराविक रकमा होत्या. ५०० ते ७५० पर्यंत १० रुपये, तेथून चढत चढत १,७५० ते २,००० च्या आंत ४२ रुपये. २,००० झाले कीं साऱ्या प्राप्तीवर रुपयास पांच पै.

आतां हिशेब करून पाहावा. १,९९९ रुपये प्राप्तीच्या दुकानदारास ४२ रुपये पडत. तीच प्राप्ति २,००० झाली तर दहा हजार पै, म्हणजे ५२ रुपये १ आणा ४ पै. एक रुपया अधिक मिळविल्याबद्दल दहा रुपये अधिक दंड. खालच्या कांठावर तर ४९९ ला कांहीं नाहीं आणि ५०० ला १० रुपये. प्राप्ति ज्या पायरीवर जाईल त्या पायरीचा दर साऱ्या रकमेवर बसविण्याची ही पद्धति पुढेंहि चालू राहिली. वरच्या भागावरच वरचा दर घेण्याची आजची रीति १९३९ सालीं आली. तेव्हां त्या सालापूर्वीं, वर्षाच्या अखेरीस पायरीच्या कांठाशीं आलेला दुकानदार बुडीत उधारी याच वर्षीं खर्चीं टाकी, किंवा येणें पुढच्या वर्षावर ढकली, तर त्यांत नवल काय? अखेरच्या पंधरवड्यांतील खर्चाचीं कलमें वाचतांना ही गोष्ट मनांत असावी.

नोकरदारास असा वाव नव्हता. ५०० रुपयांचा बारावा हिस्सा म्हणजे ४१ रुपये १० आणे ८ पै. एवढा दरमहा झाला कीं तो कराच्या कक्षेंत आला आणि रुपयास चार पै द्यावे लागले. त्याच्यासाठीं कायद्यानें एक वाट मात्र ठेविली होती. स्वतःच्या आयुष्याच्या विम्याचा हप्ता प्राप्तीच्या सहाव्या हिश्शापर्यंत वजा मिळे. मुंबईची ओरिएंटल विमा कंपनी १८७४ सालीं निघालेली होती. कारकून, मास्तर, मामलेदार यांच्या घरच्या बासनांत विम्याचें पत्र निघालें तर त्यांत बायकामुलांची काळजी होती यांत संशय नाहीं, पण हप्त्याची रक्कम पगाराच्या सहाव्या हिश्शाशीं ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तर त्या गृहस्थास कायदा ठाऊक होता असें समजण्यास हरकत नाहीं.

मर्यादा १९०३ सालीं १,००० व १९१९ सालीं २,००० झाली; १९३१ च्या मंदींत ती पुन्हां १,००० वर आली. हीं सालें संग्राहकांनीं आपल्या टांचणवहींत लिहून ठेवावीं.

४. शेतीची माफी व कबजेगहाण

१८६० च्या कायद्यांत जमिनीचें उत्पन्नहि धरलें होतें. १८८६ च्या कायद्यानें शेतीची प्राप्ति वगळली. या एका फरकानें सावकाराच्या दोन रुपयांत भेद पडला. व्याज म्हणून आलेला रुपया करास पात्र, आणि जमिनीचा खंड म्हणून आलेला रुपया मोकळा. नजरगहाणांत जमीन कुळाकडे राहून सावकारास व्याज मिळे. कबजेगहाणांत जमीन सावकाराच्या ताब्यांत येऊन तिचें उत्पन्न तो व्याजापोटीं घेई. हें उत्पन्न व्याज समजावें कीं शेतीची प्राप्ति, हा वाद बिहारांतील दरभंग्याच्या महाराजांच्या प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १९३५ सालीं निकाल असा झाला कीं, घेणारा सावकार असला तरी जमिनीपासून आलेला खंड ही शेतीचीच प्राप्ति होय.

यावरून दख्खनमधील सारीं कबजेगहाणें करासाठीं झालीं असें म्हणणें अर्थातच चुकीचें होईल. कबजेगहाणाची चाल या करापेक्षां पुष्कळ जुनी आहे, आणि १८७५ च्या दंग्यानंतर १८७९ त झालेल्या दख्खन शेतकरी कायद्यानेंहि सावकारी कागदांची घडण बदलली. परंतु एखाद्या घराण्यांत १८८६ पूर्वीं नजरगहाणें व नंतर कबजेगहाणें असा पालट दिसला, तर हांव हें एकच कारण मानून थांबूं नये. कायद्यानें कोणत्या रुपयास सवलत दिली होती, तेंहि विचारावें.

५. एक चूल, दोन कायदे

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. अविभक्त हिंदु कुटुंब हें या कायद्यांत एक स्वतंत्र करदाता मानलें गेलें. मिताक्षरेचा संसार इंग्रजी कायद्यानें जसा होता तसा उचलला, आणि कर्ता साऱ्या घराच्या वतीनें कर भरूं लागला. दर लहान होते तोंवर यांत कोणास कांहीं वाटलें नाहीं. १९१६ सालीं चढते दर आले, १९१७ त मोठ्या प्राप्तीवर सुपरटॅक्स आला, आणि एकत्र राहण्यास किंमत पडूं लागली. सुपरटॅक्स व्यक्तीस ५०,००० च्या वर आणि कुटुंबास ७५,००० च्या वर असे. परंतु चार भावांच्या घरास ही सवलत कितीशी पुरणार?

लहान घराचें उदाहरण घेऊं. १९२२ च्या कायद्याखालीं आरंभीं मर्यादा २,००० रुपये होती. चार भावांच्या सामाईक दुकानाची प्राप्ति ७,६०० असली तर घरावर कर बसे. तेच चौघे वेगळे ठरले तर प्रत्येकाच्या वांट्यास १,९०० येत आणि कर कोणावरच नसे. गल्ला तोच, दुकान तेंच. मध्यें फक्त एक कागद आला. या कागदाचें नांव वाटणीपत्र, आणि त्याच्या जोडीस, दुकान पुढें भावाभावांच्या भागीदारींत चालविण्यासाठीं, भागीदारीपत्र. कायद्याप्रमाणें पेढीची नोंद व्हावयाची तर भागीदारांचे हिस्से लेखांत स्पष्ट असावे लागत. म्हणून जेथें पिढ्यान् पिढ्या तोंडी व्यवहार चालला तेथेंहि १९२२ नंतर स्टॅम्पाचे कागद दिसूं लागले तर तें समजण्यासारखें आहे.

येथें हिंदु धर्मशास्त्र व कराचा कायदा यांत एक फट होती. वाटणी होण्यास जमिनीचे बांध घालावे लागत नाहींत. वेगळें होण्याचा निःसंदिग्ध निश्चय कळविला म्हणजे एकत्रपणा सुटतो, असें प्रिव्ही कौन्सिलानें गिरिजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या मध्यप्रांतांतील खटल्यांत १९१६ सालीं ठरविलें होतें. दुसरीकडे १९२२ च्या कायद्याच्या १४ व्या कलमानें कुटुंबांतून सभासदास मिळालेल्या रकमेवर त्याजकडून कर घ्यावयाचा नव्हता, कारण तो कुटुंबानें भरलेला असे. आतां वर्षभर कमावून कर बसण्याच्या आधीं कुटुंब विभक्त झालें तर? कुटुंब उरलें नाहीं म्हणून त्यावर कर नाहीं, आणि सभासदांस मिळालें तें कुटुंबाकडून म्हणून त्यांवरहि नाहीं. ही फट बुजविण्यासाठीं १९२८ सालीं २५-अ हें कलम घालण्यांत आलें. त्यानें ठरविलें कीं, मिळकतीचे निश्चित हिस्से पाडून वाटणी झाली अशी अंमलदाराची खात्री होऊन त्यानें तसा हुकूम करीपर्यंत, करापुरतें तें कुटुंब अविभक्तच समजावें.

परिणाम असा झाला कीं, एकाच दिवशीं एकच घर धर्मशास्त्रानें विभक्त व कराच्या कायद्यानें अविभक्त असूं शके. म्हणून १९२८ नंतरचें वाटणीपत्र एकटें पुरावा नव्हे. त्यासोबत अंमलदाराचा हुकूम आहे काय, फेरफाराच्या नोंदी कोणत्या सालच्या आहेत, खतावणींत भावांचीं खातीं खरोखर वेगळीं चाललीं काय, आणि किराणा व कुलधर्माचा खर्च एका नांवें पडला कीं चार, हें पाहिलें पाहिजे. वाटणीपत्र असून कुलदेवतेचा गोंधळ व मुलींचीं लग्नें एकाच खर्चांतून होत असतील, तर घर फुटलें असें लिहूं नये. उलट भांडण, कर्ज किंवा नोकरीनिमित्त दूर जाणें, अशा कारणांनीं झालेल्या खऱ्या वाटण्याहि पुष्कळ आहेत. कराचा संशय घेऊन त्या खोट्या ठरविणें हाहि तितकाच अन्याय होईल.

६. कागद खरा कीं नुसता आकार

ही परीक्षा न्यायालयांनाहि करावी लागली. मुंबई हायकोर्टापुढील सर दिनशा माणेकजी पेटिट यांचें प्रकरण १९२७ सालच्या निवाड्यांत छापलें आहे. (गिरण्यांचे प्रसिद्ध मालक पहिले सर दिनशा १९०१ सालींच निवर्तले होते, बॅरोनेटचें नांव वारसानें धारण करावयाचें असल्यानें दोन व्यक्ति एक समजण्याची चूक येथें सहज होते.) या सर दिनशांनीं चार खासगी कंपन्या काढून आपले शेअर व रोखे त्यांच्या नांवें केले. व्याज व डिव्हिडंड कंपनीकडे जमा होई, आणि कंपनी तीच रक्कम त्यांस कर्जाऊ दिल्याचें दाखवी. कंपनी दुसरा कांहींच धंदा करीत नव्हती. कोर्टानें ठरविलें कीं, ही कंपनी म्हणजे सुपरटॅक्स वांचविण्यासाठीं उभी केलेली दुसऱ्या नांवाची तीच व्यक्ति होय.

याच्या उलट, इंग्लंडांत ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर याच्या प्रकरणीं १९३५ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला. त्यानें माळी वगैरे नोकरांस ठराविक वार्षिक रकमा देण्याचे करार लिहून दिले होते. ते करार खरे व बंधनकारक असल्यानें त्यांमुळें कर कमी झाला तरी ते मोडतां येत नाहींत असें ठरलें. दोन्ही निकाल शेजारीं ठेविले म्हणजे कसोटी हातीं येते. कागदाप्रमाणें माणसें खरोखर वागलीं काय? जेथें वागलीं तेथें ती व्यवस्था. जेथें कागद एक बोले व तिजोरी दुसरें, तेथें तें सोंग. इतिहाससंशोधक बनावट सनदेची परीक्षा याहून निराळी ती काय करितो?

सरकारहि मागें राहिलें नाहीं. पत्नी किंवा अज्ञान मूल यांच्या नांवें मालमत्ता करून प्राप्ति विभागण्याची वाट १९३७ च्या दुरुस्तीनें बरीच बंद झाली. तेव्हां त्यापूर्वींचें बक्षीसपत्र व त्यानंतरचें बक्षीसपत्र एकाच नजरेनें वाचूं नये. पुढें १९६१ चा कायदा आला. त्यांत ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अंशतः वाटणी करापुरती अमान्य ठरली. वाट उघडावी, लोकांनीं तीवरून जावें, आणि कायद्यानें ती बुजवावी, असा हा क्रम आहे; आणि त्यांतील प्रत्येक टप्प्याचा ठसा दप्तरांत उमटलेला आहे.

७. दिवाळीचें साल

आणखी एक मुद्दा मितींविषयीं. १९२२ च्या कायद्यानें करदात्यास ३१ मार्चऐवजीं आपल्या वह्यांचें वर्ष धरण्याची मुभा दिली. ज्यांच्या वह्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेस उघडत, त्यांचें वर्ष दिवाळीस संपे. याचा लाभ पाहावा. नोव्हेंबर १९३० ची प्राप्ति मार्चअखेरच्या वर्षांत धरणारा मनुष्य तीवरील कर १९३१–३२ च्या आकारणींत देई. दिवाळीचें साल धरणाराचें वर्ष १९३१ च्या दिवाळीस संपून आकारणी १९३२–३३ त होई. तोच रुपया एक वर्ष पेढींत फिरे. ही सवलत १ एप्रिल १९८८ पासून गेली व सर्वांचें साल मार्चअखेरचें झालें. वहीपूजन मात्र आजहि दिवाळीसच होतें. यास्तव पावतीवरील साल हें प्राप्तीचें साल नव्हे हें ध्यानांत ठेवावें. ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ हा दुहेरी घोळ २०२५ च्या नव्या कायद्यानें काढला आहे, व त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविला आहे. परंतु आमच्या बासनांतील शंभर वर्षांचे कागद त्या घोळांतच लिहिलेले आहेत.

८. उपसंहार

शेवटीं एक विनंति. १९२२ च्या कायद्याच्या ५४ व्या कलमानें करदात्यानें दिलेलीं पत्रकें, हिशेब व जबान्या गुप्त ठेवण्याचें बंधन अंमलदारांवर घातलें होतें. म्हणून इनामाच्या संशोधकास सरकारी दप्तराचा जसा आधार मिळतो तशी अपेक्षा येथें धरतां येत नाहीं. घरीं राहिलेली नक्कल हाच बहुधा एकमेव साक्षीदार, आणि तोच आपण रद्दीच्या भावानें देत आहों. मोडी सनदेच्या दोन नकला कोठें ना कोठें मिळतील. गांवच्या किराणा दुकानदारानें भरलेल्या पत्रकाची दुसरी प्रत मिळणार नाहीं. तरी संग्राहकांनीं वाटणीपत्र, त्याच्या सालची खतावणी, कराची पावती व विम्याचें पत्र हीं एकमेकांपासून तोडूं नयेत. ज्या रुमालांत आलीं त्याच रुमालांत बांधून ठेवावीं. सुटा कागद जें सांगतो तें लिहिणाराच्या मनांतलें असतें. घडलें तें चारहि एकत्र वाचल्यावांचून कळत नाहीं.